फ्लेक्स यायच्या दोन वर्षं आधी

गेल्या दिवाळीत लोह्याला गेलो होतो. पुण्याहून रात्री सुटलेली ट्रॅव्हल्स लातूर, अहमदपूर करत पहाटे लोह्यात सोडते. घरी बॅग टाकली, अंघोळ केली आणि मामाकडे गेलो. मामा ओट्यावर बसले होते. चहा झाला, पगार, ट्रॅफिक, लग्न कधी असे नेहमीचे विषय झाले. मग त्यांनी सहज विचारलं, "चित्रं-बित्रं काढालास का काही?"

मी म्हणालो, "काढतो की मामा, वेळ मिळेल तसं."

हे खोटं होतं. मी शेवटचं चित्र इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना काढलंय. माझ्या वॉटरकलरच्या ट्यूबा दगड झाल्यात. पुण्याच्या फ्लॅटवर स्केचबुक आहे, पण त्यावर लॅपटॉपचा माऊस फिरतो. मामांना माझं खोटं कळलं असणार. ते काही बोलले नाहीत. पण परतीच्या बसमध्ये मला झोप लागली नाही. मी खोटं का बोललो? चित्र काढणं सोडणं हा काय गुन्हा आहे का, की त्याची कबुली देताना जीभ अडखळावी?

मामा पेंटर होते. गावात त्यांना आडनावानं कुणी ओळखत नाही, 'पेंटर' म्हणूनच ओळखतात. दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या नंबरप्लेटा, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, निवडणुकीत भिंतीवरची चिन्हं आणि माळेगावच्या यात्रेआधी तंबूंचे बोर्ड हे त्यांचं काम. माळेगाव आमच्याच तालुक्यात. खंडोबाची यात्रा, घोड्या-गाढवांचा बाजार, तमाशाचे फड. यात्रा महिन्यावर आली की मामांच्या अंगणात पत्र्यांची रांग लागायची. आधी पत्र्याला ग्राउंड मारायचा, मग खडूचं सूत ताणून टिचकी मारायची, सरळ रेघ उमटायची. त्या रेघेवर ते पेन्सिल न लावता थेट ब्रशनं अक्षर काढायचे. 'श्री' काढताना श्वास रोखायचे. मी शेजारी बसून टर्पेंटाइनचा डबा धरायचो. माझं पहिलं कलाशिक्षण ते. पुढे मी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दिली, ती मामांनी आणून दिलेल्या रंगांवर.

मग गावात फ्लेक्स आला. मी तेव्हा सहावी-सातवीत असेन. वाढदिवसाचे, निवडीचे, श्रद्धांजलीचे फ्लेक्स तासाभरात छापून मिळू लागले. मामांचं अंगण रिकामं झालं. आमच्या घरात, गावात, मामांच्या मित्रांत ही गोष्ट एकाच पद्धतीनं सांगितली जाते: फ्लेक्सनं पेंटरला खाल्लं. मीही मित्रांना ती अशीच सांगत आलो. तंत्रज्ञानानं कलावंताचा घास घेतला, ही गोष्ट सांगायला सोपी आणि ऐकायला हळहळ वाटणारी आहे.

दोन वर्षांपूर्वी मामांनी स्वतःच ती मोडली. विषय एआयचा निघाला होता. मी त्यांना फोनवर चार शब्द टाइप करून चित्र कसं तयार होतं ते दाखवत होतो. त्यांनी बघितलं, फोन परत दिला आणि म्हणाले, "लोक म्हणतेत फ्लेक्सनं खाल्लं. मीबी तसंच सांगतो. पण खरं सांगू का, फ्लेक्स यायच्या दोन वर्षं आधीच हात मेला होता. अक्षर निघायचं, पण मी त्यात नसायचो. फ्लेक्स आला तवा मला सुटल्यासारखं झालं."

त्यानंतर मामांनी काय केलं, ते गावाला ठाऊक आहे, पण कुणी त्याचा संबंध लावत नाही. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी ते पखवाज शिकायला बसले. शेजारच्या गावात एक पखवाजी होते, त्यांच्याकडे बारा-तेरा वर्षांच्या पोरांच्या मागे मांडी घालून. लोक हसले. ज्याची पाटी पंचवीस वर्षं गावानं वाचली, तो माणूस पोरांकडून 'काका, हात चुकला' ऐकून घेत होता. आज सप्ताहात कीर्तनाच्या मागे ते उभे असतात. वाजवायच्या आधी पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावतात, तेव्हा त्यांची बोटं मला ओळखीची वाटतात.

तर प्रश्न असा आहे: ज्या कलेत आपल्याला गती आहे, तिची ओढ आटली तर दुसरीकडे वळणं ही प्रतारणा आहे का?

आमच्या आईचं उत्तर ठरलेलं आहे. "देवानं हातात दिलंय, ते असं टाकू नये." तिच्या मते गुण ही देणगी आहे आणि देणगी म्हणजे एक प्रकारचं ऋण. ते फेडायचं असतं. हे फक्त आईच म्हणते असं नाही. जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट यानं 1785 साली नीतीविषयी जे छोटं पुस्तक लिहिलं, त्यात नेमकं असं एक उदाहरण आहे. एका माणसाकडे गुण आहेत, पण तो सुखवस्तू आहे, त्याला कष्ट नकोत, तो आपले गुण गंजू देतो. कांट म्हणतो, सगळ्यांनीच असं वागावं अशी इच्छा कुणी विचारी माणूस करू शकणार नाही. म्हणून आपले गुण वाढवणं हे कर्तव्य आहे.

पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला ते माझ्यावरचं आरोपपत्र वाटलं. पण कांट या कर्तव्याला सैल ठेवतो. वचन पाळण्याचं कर्तव्य आणि गुण वाढवण्याचं कर्तव्य यांत तो फरक करतो. वचन दिलं तर पाळायचंच, तिथे पळवाट नाही. गुणांच्या बाबतीत मात्र कुठला, किती आणि कसा वाढवायचा याला मोकळीक आहे. म्हणजे कांटच्या हिशेबानं मामांनी ब्रश ठेवून पखवाज घेतला, तर त्यांचं काही देणं थकत नाही. देणं थकतं ते काहीच हाती न घेणाऱ्याचं.

आपल्याकडे अशा वेळी आणखी एक गोष्ट ऐकवली जाते: स्वधर्म. आपलं काम उणं असलं तरी तेच बरं, दुसऱ्याच्या कामात शिरू नये. गीतेतला हा विचार कीर्तनात मी लहानपणापासून ऐकतो. पण याचा वापर कुणासाठी कसा झाला, हेही आपल्याला ठाऊक आहे. बापाचं काम मुलानं, त्याचं काम त्याच्या मुलानं करावं, म्हणून पिढ्यानपिढ्या माणसं एका जागी बांधली गेली. गावातल्या माणसाला 'तू तुझंच कर' हे सांगणं म्हणजे दर वेळी कलेवरचं प्रेम असतं असं नाही. कित्येकदा ते नुसतं त्याला जागेवर ठेवणं असतं.

इथे मला बाबूराव पेंटर आठवतात. कोल्हापूरचे बाबूराव कृष्णराव मेस्त्री, जन्म 1890. त्यांचंही आडनाव कामानं खाल्लं आणि 'पेंटर' उरलं. बाबूराव आणि त्यांचे चुलतभाऊ आनंदराव यांनी रंगवलेले संगीत नाटकांचे पडदे गाजले होते. पडद्यात महाल, पडद्यात अरण्य. काम भरपूर होतं, नाव होतं. पण दोघांना सिनेमाचं वेड लागलं आणि ते स्वतःच कॅमेरा बनवायच्या मागे लागले. 1916 साली आनंदराव गेले. कॅमेरा अर्धवट होता. बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना सोबत घेऊन तो पुरा केला. गायिका तानीबाई कागलकर यांनी पैसे दिले, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि 1920 साली 'सैरंध्री' आला.

इथे थोडं थांबून बघा. रंगाच्या कामात ज्याचा हात बसलेला होता, तो माणूस कानशी आणि स्क्रू घेऊन यंत्राच्या दारात बसला. त्या खोलीत तो उस्ताद नव्हता. आणि तरीही पडदे रंगवणारा डोळा वाया गेला नाही. 1925 साली त्यांनी 'सावकारी पाश' केला. देवादिकांच्या आणि राजामहाराजांच्या गोष्टींच्या त्या काळात हा सिनेमा सावकारामुळे जमीन गमावून शहराच्या गिरणीत पोचलेल्या शेतकऱ्याचा होता. तरुण व्ही. शांताराम त्यात होते. मराठवाड्यातल्या माणसाला या गोष्टीचा अर्थ समजावून सांगायला नको. महाल रंगवणाऱ्या हाताला शेतकऱ्याची झोपडी दिसली, ती चित्रकलेतून बाहेर पडल्यावर. पुढे 1929 साली दामले, फत्तेलाल, धायबर, शांतारामबापू कंपनीतून बाहेर पडले, त्यांनी 'प्रभात' काढली. बाबूराव हळूहळू सिनेमातून मागे आले आणि पुन्हा चित्र आणि शिल्पाकडे वळले. म्हणजे जाणं कायमचं असतंच असंही नाही.

दादासाहेब फाळक्यांची वाट तर याहून वळणावळणाची. 1885 साली जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, मग बडोद्याचं कलाभवन, फोटोग्राफी, पुरातत्त्व खात्यातली नोकरी, लोणावळ्याचा छापखाना, भागीदारांशी बिनसलं म्हणून तोही सोडला. मग 'द लाइफ ऑफ ख्राइस्ट' हा चित्रपट बघितला आणि 1913 साली 'राजा हरिश्चंद्र'. आज आपण हे सगळं मागून बघतो म्हणून ती सरळ रेघ वाटते. पण 1911 साली त्यांच्या शेजाऱ्याला काय दिसलं असेल? चाळिशी गाठलेला, एकही धंदा न टिकवणारा माणूस. आणि प्रत्येक वळण फळलंच असंही नाही. आपल्या सिनेमा कंपनीतून वैतागून ते काशीला गेले आणि 'रंगभूमी' नावाचं नाटक लिहिलं. ते फारसं चाललं नाही. ते पुन्हा सिनेमात आले.

म्हणजे वळणं योग्य की अयोग्य, हे यशावरून ठरवता येत नाही. काशीचं वळण फसलं म्हणून ते चुकीचं होतं आणि सिनेमाचं फळलं म्हणून ते बरोबर, असा हिशेब केला तर आपण नीतीऐवजी निकालपत्र वाचतोय.

दुसऱ्या टोकाला वासुदेव गायतोंडे आहेत. 1924 साली नागपूरला जन्म, 1948 साली जे. जे.मधून डिप्लोमा, मग मुंबई, न्यूयॉर्क, दिल्ली. मुळातच वर्षाला मोजकीच चित्रं करणारा माणूस. 1984 साली दिल्लीत अपघात झाला, मान दुखावली, नंतर काम आणखी विरळ झालं आणि शेवटच्या वर्षांत जवळजवळ थांबलंच. 2001 साली ते गेले. 2013 साली त्यांचं एक चित्र लिलावात 23 कोटींच्या पुढे गेलं, पण तोवर त्याचं त्यांना काही नव्हतं. गायतोंडे दुसरीकडे वळले नाहीत. ते नुसते थांबले. मनातल्या मनात चित्र होत राहणं त्यांना पुरेसं वाटत होतं, असं त्यांना भेटलेले लोक सांगतात.

आपल्या पिढीला हे पचत नाही. आपल्याला दोनच गोष्टी शिकवल्या गेल्यात: 'हार मानू नकोस' किंवा 'काहीतरी नवीन चालू कर'. नुसतं थांबणं हा पर्याय कुठल्याच रीलमध्ये नसतो. मार्सेल द्यूशाँ या फ्रेंच चित्रकारानं 1918 नंतर रंगचित्र करणं जवळजवळ सोडलं आणि बुद्धिबळात बुडाला, फ्रान्सकडून ऑलिंपियाड खेळला. जगानं ठरवलं, हा कलेतून निवृत्त झाला. 1968 साली तो गेल्यावर कळलं की तो वीस वर्षं गुपचूप एका मोठ्या कलाकृतीवर काम करत होता. तेव्हा बाहेरून बघणाऱ्यानं 'याची प्रेरणा संपली' असं म्हणायची घाई करू नये.

पण स्वतःकडे आतून बघताना ही सवलत मिळत नाही. मी कुठलीही गुप्त कलाकृती करत नाहीये, हे मला ठाऊक आहे.

मग माझं काय? मित्रांत मी एक उत्तर देत आलोय: कोडिंग हीच माझी चित्रकला. हे अगदीच खोटं नाही. पाचशे ओळींचं गुंतागुंतीचं काम ऐंशी ओळींत नीट बसलं की जो आनंद होतो, तो मामांच्या 'श्री'च्या जातीचा आहे. पण तरीही हे उत्तर उसनं आहे. मी कोडिंगकडे ओढीनं वळलो नव्हतो. बारावीचे मार्क, घरची ऐपत आणि कॅम्पसचा आकडा यांनी मला तिकडे नेलं. नंतर मी त्या वाटेला 'वळण' असं नाव दिलं. आता एआयवर ढकलायचा मोहही होतो. यंत्र चित्र काढतंय म्हटल्यावर माणसानं कशाला? पण माझ्या ट्यूबा एआय यायच्या कितीतरी आधी वाळल्या होत्या. मामांकडे फ्लेक्स होता, माझ्याकडे एआय आहे. फरक इतकाच, की मामांनी एक दिवस ते कबूल केलं.

मला वाटतं प्रतारणा असलीच तर ती इथे आहे. ओढ आटणं आपल्या हातात नसतं, पाऊस आपल्या हातात नसतो तसं. ज्यात आपला जीव उरला नाही, ते केवळ लोक वाचतात म्हणून रंगवत राहणं हेही एक खोटंच. पण का सोडलं याचं खोटं कारण सांगत राहिलं, तर पुढे काय धरायचं तेही कळत नाही. मामांनी फ्लेक्सवर मनापासून विश्वास ठेवला असता, तर ते आज फ्लेक्सला शिव्या देत ओट्यावर बसले असते. पखवाज शिकायला गेलेच नसते.

एवढं लिहून झाल्यावर वाटलं, विचार पुरा झाला. मग मामी आठवली.

मामा पखवाज शिकायला लागले, तेव्हा घरात पैसे येत नव्हते. कोरडवाहू दोन एकर, त्यात कधी सोयाबीन, कधी काहीच नाही. ती पाच-सहा वर्षं घर मामीच्या शिलाई मशीनवर चाललं. ब्लाऊज, पिको-फॉल, शाळेचे गणवेश. बाबूरावांच्या गोष्टीत तानीबाईंचे पैसे आहेत. फाळक्यांच्या गोष्टीत सरस्वतीबाईंचे दागिने आहेत, शिवाय त्या स्वतः रात्री जागून फिल्मचं काम करत आणि सगळ्या कंपनीचा स्वयंपाक सांभाळत. कलावंताच्या प्रत्येक वळणावर कुणीतरी दुसरं माणूस उभं असतं आणि ते वळण पेलत असतं.

मामी लग्नाआधी सुरेख भरतकाम करायची. आमच्या घरी तिनं भरलेला एक मोर अजून फ्रेममध्ये आहे. त्यानंतर तिनं काही भरलेलं मी पाहिलं नाही. तिची ओढ आटली की तिला वेळच मिळाला नाही, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. 'चित्रं काढालास का' हा प्रश्न मला विचारला जातो, मामांना 'पेंट का सोडलं' विचारलं जातं. सोडण्याचा प्रश्न ज्याला विचारला जातो, त्याच्याकडे काहीतरी होतं हे जगानं मान्य केलेलं असतं. मामीचं सोडणं कुणाच्या लक्षातच आलं नाही.

म्हणून 'वळावं की नाही' हा प्रश्न कलावंत आणि त्याची कला या दोघांतच सुटत नाही. वळायला हरकत नाही. पण त्याचा खर्च कुणाच्या मशीनवर पडतोय, हे बघितलं पाहिजे. आणि ते माणूस थकलं तर आपणही मशीनवर बसायची तयारी पाहिजे.

संक्रांतीला पुन्हा लोह्याला गेलो. या वेळी मामांनी काही विचारायच्या आधीच सांगून टाकलं.

"मामा, मी खोटं बोललो होतो. मी चित्रं काढत नाही. आठ-नऊ वर्षं झाली."

मामा हसले. "ठावं होतं मला. नखात रंग नव्हता तुझ्या." मग थोडं थांबून म्हणाले, "मग आता शिकालास काय?"

मला काही सुचेना. शिकायचं म्हणजे कोर्स नव्हे, प्रमोशनसाठी केलेलं सर्टिफिकेशन नव्हे, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. बारा वर्षांच्या पोरांच्या मागे बसून, हात चुकवत, हसं करून घेत शिकायचं असं काही. माझ्याकडे तसं काही नव्हतं. आत मशीनचा आवाज येत होता. मी उठून आत गेलो आणि मामीला म्हणालो, "मामी, तो मोर तुम्ही कुठला टाका घालून भरला होता?"

तिनं पाय थांबवला आणि माझ्याकडे बघितलं. "कुठला मोर?"

मी फोनवर फोटो काढून आणला होता, तो दाखवला. तिनं चष्मा पुसला आणि फोन जवळ धरला. बराच वेळ बघत राहिली.